अर्धा पॉइंट

"तुमचं काम कुठे बघायला मिळेल? लिंक पाठवाल का?"

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे येऊ घातलं होतं. तिथल्या संपादकबाईंनी व्हॉट्सॲपवर हे विचारलं. विचारणं रास्तच होतं, पण मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. माझं काम बघायला मिळतं ते पुस्तकाच्या चौथ्या पानावर, आठ पॉइंटाच्या बारीक अक्षरात, मुद्रकाच्या पत्त्याखाली. 'अक्षरजुळणी व मांडणी' असं लिहिलेलं असतं आणि पुढे माझं नाव. प्रकाशकाच्या लक्षात राहिलं असेल तर. मुखपृष्ठ चित्रकाराचं, मजकूर लेखकाचा, चुका मुद्रितशोधकाच्या. उरतं ते माझं. आता हे उरलेलं लिंकवर कसं दाखवायचं?

१९९६ साली मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, त्यांवर पेजमेकर, आणि मागच्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसेस अजून तशाच. त्यांच्यावर बटर पेपरचे गठ्ठे ठेवलेले असायचे. खिळे जुळवणारे एक आजोबा होते, त्यांना मालकांनी बाइंडिंगला बसवलं होतं. मी काढलेलं पान ते हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे आणि न वाचताच सांगायचे, "हितं पांढरं सांडलंय, बाई." म्हणजे शब्दांमधल्या जागा फाकल्यात. मी परत जाऊन ओळ आवळायची. पान असं हवं की वाचणारा थेट मजकुरात शिरला पाहिजे, पान मध्ये आलंच नाही पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या आजोबांच्या बारीक डोळ्यांना घाबरून आपोआप शिकले.

तेव्हा मुळात हा धंदाच न दिसण्याचा. आणि पोर्टफोलिओ म्हणजे दिसणं.

भाची हिंजवडीला नोकरी करते. ती म्हणाली, "मावशी, वेबसाइट कर ना एक. आता कोड कुणी लिहीत बसत नाही. सांगायचं फक्त." मग तिने कर्सर, लव्हेबल, क्लॉड कोड अशी एआय-साधनांची नावं धडाधडा घेतली आणि त्यातलं एक माझ्या लॅपटॉपवर लावून दिलं. या प्रकाराला व्हाइब कोडिंग म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. एआय-संशोधक आंद्रे कारपथी यांनी २०२५च्या फेब्रुवारीत हा शब्द काढला. कोड आहे हेच विसरून जायचं, असा त्याचा मतलब. मला ते ऐकून बरं वाटलं. जे मुळात आठवतच नाही ते विसरायला कितीसा वेळ लागणार!

मी मराठीतच लिहिलं: मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते, मला माझं काम दाखवणारी साधी वेबसाइट हवी आहे. एंटर मारला, चहा टाकायला उठले. आधण यायच्या आत वेबसाइट तयार.

काळी पार्श्वभूमी. त्यावर जांभळ्यातून निळ्यात जाणाऱ्या रंगाचं माझं नाव, एवढं मोठं की वेलांटीचा कमानीसारखा भाग वरून छाटला गेला होता. त्याखाली 'शब्दांना पंख देणारी कलाकार'. त्याखाली तीन चौकटी: पाचशेहून अधिक प्रकल्प, अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी ग्राहक, पुरस्कार बारा. त्याखाली तीन लोकांचे अभिप्राय, फोटोच्या जागी गोल. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की माझ्यामुळे त्यांच्या पुस्तकाला 'नवी उंची' मिळाली. हे गृहस्थ कोण ते मला माहीत नाही, आणि ते पृथ्वीवर नाहीत हे उघडच आहे.

मी विचारलं, हे बारा पुरस्कार कुठले? यंत्राने ताबडतोब माफी मागितली. म्हणालं, हा नमुन्यादाखल मजकूर आहे, तो बदलून घ्यावा. वर विचारलं, 'तुमचे खरे आकडे सांगाल का?'

आता आली पंचाईत. छापखान्यात असताना मी जॉब वह्या ठेवत असे, दोनशेपानी, पुठ्ठ्याच्या. २०२०च्या टाळेबंदीत छापखाना बंद झाला तेव्हा त्या मी घरी आणल्या होत्या. माळ्यावरून काढल्या, दोन रविवार बसून मोजलं. पुस्तकं तीनशे बेचाळीस. दिवाळी अंक एकोणतीस. लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं मोजायची सोडून दिली. पुरस्कार एक, आणि तोसुद्धा पुस्तकाला. माझा त्यात वाटा एवढाच की कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेची जुळणीही मीच केली होती. यंत्राच्या पाचशेपेक्षा माझे तीनशे बेचाळीस कमी वाटतात हे खरं, पण त्यातली निदान तीस-चाळीस अशी आहेत की त्यांच्या नुसत्या नावाने अजून पाठ दुखते. एका शब्दकोशाला तर तीन वर्षं लागली. त्याचाही प्रकल्प एकच धरायचा का?

चौकटी काढून टाकायला सांगितल्या. अभिप्रायही. त्या गृहस्थांना निरोप देताना थोडं वाईट वाटलं.

मग मी मथळ्यांकडे वळले आणि तिथे बराच काळ अडकले. 'मांडणी' हा शब्द 'मां ड णी' असा दिसत होता, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापली तुटकी रेघ. शिरोरेषा तुटलेली बघून मला कसंसंच होतं, दाताखाली खडा आल्यासारखं. कारण शोधलं तर साधं निघालं. यंत्राने जे काही वाचून ठेवलंय त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं जरा सुटी मांडली की ऐटदार दिसतात, म्हणून मथळा आला की हे अक्षरांमध्ये जागा सोडतं. सीएसएस या वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात. आपल्याकडे अक्षरं रेषेला टांगलेली असतात. ती सुटी केली की पागोळ्या गळाव्यात तशी दिसतात. मी लिहिलं, 'देवनागरीत हे कधीही करायचं नाही.' त्याने मान्य केलं, सगळीकडून काढलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन विभाग करताना पुन्हा घातलं. छापखान्यात नवीन मुलगा यायचा त्याचंही असंच असायचं, तीनदा सांगावं लागायचं. फरक इतकाच की मुलगा चौथ्यांदा विसरायचा नाही. शेवटी भाचीने सांगितलं की त्याच्यासाठी एक नियमांची फाइल करून ठेव, दर वेळी ती वाचूनच ते काम सुरू करतं. मी केली. पहिला नियम शिरोरेषेचा. आज त्या फाइलमध्ये एकतीस नियम आहेत आणि वेबसाइटपेक्षा मला ती फाइलच जास्त माझी वाटते.

एक गोष्ट मात्र यंत्राने केलेली चूक म्हणून काढायला गेले आणि बघत बसले. वरच्या मथळ्यात अक्षरं टाइप होत असल्यासारखी एकेक उमटायची. वाक्य होतं 'मराठी लिपीची निगराणी'. (हेही त्याचंच, निगराणी म्हणे, मी काय रखवालदार आहे?) तर 'लिपीची' उमटताना आधी 'ल' यायचा आणि मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे जाऊन बसायची. जोडाक्षर असेल तर आधी पाय मोडलेलं अर्ध अक्षर, खाली हलन्त लोंबतोय, मग पुढचं अक्षर आलं की दोघं एकदम जुळायचे.

मी टायपिंग शिकले ते टाइपरायटरच्या पद्धतीचं. तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडेच असते. खिळ्यांतही तसंच, डावीकडचं आधी उचलायचं. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिपी कॉम्प्युटरवर साठवायच्या जागतिक पद्धतीने, हे उलटं केलं. उच्चारात आधी व्यंजन येतं, म्हणून साठवतानाही आधी व्यंजन आणि मग वेलांटी. ती डावीकडे न्यायची जबाबदारी फॉन्टची. मी ती पद्धत चाळिशीनंतर शिकले आणि बोटांना ते वळण लागायला सहा महिने गेले. आता माझ्याच नावाखाली ती वेलांटी पुन्हा पुन्हा उडी मारताना बघून मला माझी तिशी आणि चाळिशी एकमेकींच्या अंगावरून उड्या मारताना दिसल्या.

पण मोडलेली अक्षरं लोकांना दाखवणं बरोबर नाही. दुरुस्ती कशी करायची ते यंत्रालाच विचारलं. मजकूर तोडताना एकेक संकेतांक न तोडता अख्खं अक्षर तोडायचं, त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर नावाची सोय आहे. आणि जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं, हा नियम युनिकोडच्या तोडीत कधी आला असेल? २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. म्हणजे 'क्ष' फोडू नये हे ठरायला बत्तीस वर्षं लागली. बालवाडीतल्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

दुरुस्ती झाली, मथळा नीट उमटू लागला, आणि मग मी तो परिणामच काढून टाकायला सांगितला.

नंतर ल आणि श. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि हिंदीचा ल दंडाचा. मराठीचा श देठाचा आणि हिंदीचा गाठीचा. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच प्रमाण ठरवले. सामान्य वाचकाला हे सांगितलं तर तो म्हणतो, अहो वाचता येतंय ना? येतं. पण पुण्यातल्या चहाच्या टपरीवर कुणी अस्खलित मराठीत एकच शब्द लखनवी ढंगाने बोलावा तसं मला ते वाटतं. माझ्या वेबसाइटवर सगळे ल दंडाचे होते. फॉन्ट बदलून बघितले, दोन चांगले फॉन्ट उगाच बदनाम केले. मग शांतपणे यंत्राला विचारलं, हे असं का? त्याने जे सांगितलं ते मला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कित्येक फॉन्टांच्या पोटात दोन्ही ल असतात. पानाच्या कोडच्या अगदी सुरुवातीला भाषा कुठली ते लिहिलेलं असतं. तिथे मराठी लिहिलं की फॉन्ट आतून मराठीचा ल काढून देतो. माझ्या पानावर भाषा इंग्रजी लिहिलेली होती, यंत्राने स्वतःच लिहिलेली. दोन अक्षरं बदलली. पान पुन्हा उघडलं आणि सगळे ल एका क्षणात पाकळ्या उघडून बसले. 'शाळा' शब्दातला श देठावर उभा राहिला.

मी एकटीच होते घरात. तरी मोठ्याने "अय्या" म्हणाले.

शेवटी मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी घेतला. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, त्याचा हिंदीसाठी आणि संस्कृतसाठी वेगळा भाऊ आहे. पूर्वी पडद्यावर मराठी म्हटलं की एकच फॉन्ट दिसायचा, मंगल. त्याला मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली. पुढे कळलं की तो र. कृ. जोशींनी केलेला, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचवलेला. एवढ्या मोठ्या सुलेखनकाराने पडद्याच्या भरड ठिपक्यांत अक्षर वाचता यावं म्हणून काय काय सोडून दिलं असेल, हे आता कळतं.

जुन्या फायली हे एक वेगळंच प्रकरण. माझी दोन हजार बारा-तेरापर्यंतची सगळी कामं बिगर-युनिकोड फॉन्टांत आहेत. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असायचे: काना एका जागी, अर्धा स दुसऱ्या, रफार तिसऱ्या. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी दिसतं. नसेल तर टोपीवाले ए, दोन टिंबांचे यू आणि मध्येच पौंडाचं चिन्ह. अख्खं ज्ञानेश्वरीचं निरूपण माझ्याकडे पौंडांत आहे. गंमत अशी की मी नोकरीला लागले तेव्हा युनिकोडला देवनागरी येऊन पाच वर्षं झाली होती आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

इथे मात्र यंत्राने जे केलं त्याला तोड नाही. मी त्याला पाच पानांचा तो कचरा दिला आणि शेजारी त्याच पानांचा छापील मजकूर टाइप करून दिला. ते दोन्ही ताडून त्याने कोष्टक बनवलं, रूपांतराचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. वेलांटी अक्षराच्या आधीची नंतर नेली, रफार अक्षराच्या नंतरचा आधी आणला. दुपारी दोनला बसलो, सहाला चाळीस फायली वाचता येऊ लागल्या. 'बसलो' लिहिलंय मी, राहू दे.

त्यात एक पाककृतींचं पुस्तक होतं. प्रस्तावनेत लेखिकेने लग्नघरातल्या आचाऱ्यांचे आभार मानले आहेत. रूपांतरात ते सगळे आचार्य झाले. 'पहाटे चारला उठून कांदा चिरणाऱ्या आचार्यांना माझा नमस्कार.' पुढे दऱ्यांचा दर्या झाला आणि वऱ्हाडी रस्सा असा काही झाला की उच्चारताही येईना. यंत्राने चंद्रकोरीसारखा अर्धा र, जो आपल्याकडे य आणि ह यांच्या आधी येतो, तो आणि रफार एकच समजला होता. दोन्ही अर्धे रच, असं त्याचं म्हणणं. तत्त्वतः खोटं नाही. पण युनिकोडमध्ये त्याच्यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा ठेवलाय, कारण त्या दोघांत आचार्य आणि आचारी यांच्याएवढं अंतर आहे. हा बत्तिसावा नियम. मघाशी एकतीस म्हणाले, तेव्हा हा धरायचा राहिला होता.

एवढं सगळं झालं तरी मुळातला प्रश्न तसाच होता. दाखवायचं काय?

यंत्राचा सल्ला ठाम होता. सहा कामं निवडा, प्रत्येकाला मुखपृष्ठाचं मोठं चित्र, त्याखाली तीन मथळे: आव्हान, उपाय, परिणाम. मुखपृष्ठं माझी नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. ती लावणं म्हणजे शेजारणीचे दागिने घालून फोटो काढणं. माझी आहेत ती आतली पानं. आणि आतलं पान पडद्यावर छोटं करून लावलं की काय दिसतं? करड्या रंगाचा चौकोन. सहा कामं, सहा करडे चौकोन.

तेव्हा मला तो कवितासंग्रह आठवला. वहीत नोंद आहे, २००३, ७२ पानं, डेमी. कवी निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या एका कवितेत एक ओळ बाकीच्यांपेक्षा बरीच लांब होती आणि पानात मावत नव्हती. शेवटचा शब्द खाली घसरायचा. एकटाच, डावीकडे. कवी छापखान्यात आले, पान बघितलं, काही बोलले नाहीत. नुसते त्या खाली पडलेल्या शब्दावर बोट ठेवून उभे राहिले. मालक म्हणाले, सर, ओळ दोन ठिकाणी तोडू या. ते म्हणाले, "बघा, जमलं तर." आणि गेले. मी ती ओळ आवळून बघितली, शब्द एकमेकांना चिकटले. ती एकच कविता बारीक टाइपात घेऊन बघितली, ती आजारी दिसू लागली. मग रात्री घरी कुकर लावताना सुचलं की अख्खा संग्रहच तेरावरून साडेबारावर आणावा. अर्धा पॉइंट. कुणाला कळणार नाही आणि ओळ मावेल. दुसऱ्या दिवशी ७२ पानं पुन्हा लावली. मालकांना सांगितलं नाही, कारण त्यांनी 'एका ओळीसाठी?' असं विचारलं असतं आणि मला उत्तर देता आलं नसतं. पुस्तक निघाल्यावर कवींचा छापखान्यात फोन आला. मला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ओळ मावली."

हे मी यंत्राला सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. त्याने फार सुंदर ऐकून घेतलं, म्हणजे तसं वाटावं असं लिहिलं, आणि मग एक आधी-नंतरची पट्टी करून दिली. मधला दांडा डावीकडे सरकवला की शब्द घसरलेलं पान, उजवीकडे सरकवला की मावलेलं पान. कारागिरी उत्तम. पण गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीत चेहरा दाखवतात तसं ते दिसत होतं. खालच्या चौकटींत आव्हान होतं, उपाय होता, आणि परिणामाखाली 'कवीचे समाधान: १०० टक्के'.

सगळं काढलं. फक्त ते पान ठेवलं.

कवी आता नाहीत. त्यांच्या मुलीला फोन करून परवानगी विचारली. ती म्हणाली, "टाका की. पण तेवढी एकच कविता हं, पुस्तक परत काढायचं चाललंय आमचं." मग घाबरत विचारलं, "त्याची जुळणी कोण करतंय?" म्हणाली, "प्रकाशक बघतील."

पानाचं चित्र लावलं तर यंत्राची तक्रार, की चित्रातला मजकूर शोधता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. ही तक्रार मला पटली. कविता ऐकताही आली पाहिजे. म्हणून मजकूर म्हणून टाकली. लॅपटॉपवर छान बसली. मग मोबाइलवर उघडली आणि बावीस वर्षांपूर्वीचा तोच शब्द, खाली घसरलेला, एकटा, डावीकडे.

तिथे मी खरोखर हरले. फोनच्या पडद्याला अर्धा पॉइंट पुरत नाही. ज्याचा जेवढा फोन तेवढी त्याची ओळ, आणि कुणी अक्षर मोठं करून वाचत असेल तर ती आणखी तुटणार. एकोणतीस वर्षं मी प्रत्येक ओळ कुठे संपते ते ठरवत आले. इथे ते ठरवणारी मी कुणी नाही. यंत्राने सुचवलं की अक्षर पडद्याप्रमाणे आपोआप लहान करू. करून बघितलं, ओळ मावली, वाचायला भिंग लागलं.

दोन दिवस ते तसंच ठेवून मी लग्नपत्रिका करत बसले. मग जुने दिवाळी अंक चाळताना उत्तर सापडलं. अंकात दोन-दोन स्तंभ असायचे, कवितेच्या ओळी मावायच्या नाहीतच. तेव्हा आम्ही उरलेला शब्द खाली घ्यायचो, पण डाव्या कडेला नाही; चांगला आत सरकवून, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही नवी ओळ नाही, वरचीच चालू आहे. मी यंत्राला लिहिलं, 'कवितेची ओळ तुटली तर तुटलेला भाग तीन अक्षरं आत घे. नवी ओळ मात्र कडेपासून.' एका वाक्यात त्याला समजलं आणि दोन ओळींत त्याने केलं: डावीकडे समास वाढवायचा आणि पहिली ओळ तेवढीच मागे खेचायची. मोबाइलवर उघडून बघितलं. शब्द खालीच होता. पण आता आत सरकून, वरच्या ओळीचा पदर धरून.

कवितेखाली ओळ लिहायची म्हणून मी लिहिलं, 'मजकूर साडेबारा पॉइंट.' यंत्राने विचारलं, हे वाचकाला समजेल का, थोडं विस्ताराने लिहू का? नको म्हटलं.

बाकीचं भराभर झालं. गिटहब पेजेसवर साइट ठेवायला पैसे पडत नाहीत. नाव मराठीत हवं होतं, डॉट भारत असं २०१४ पासून मिळतं. पण तो पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे काहीबाही इंग्रजी अक्षरं. मला क्षणभर वाटलं, जुन्या फॉन्टची फाइल उघडली की काय. तो नाद सोडला.

लिंक संपादकबाईंना पाठवली. स्मरणिकेचं काम मिळालं. साइट बघून की माझा दर ऐकून, ते विचारलं नाही.

आणि एक लिंक पाठवली आमच्या मुद्रितशोधक काकांना. वय वर्षं एकोणऐंशी. छापखान्यातली निम्मी पुस्तकं त्यांच्या लाल पेनाखालून गेली आहेत. त्यांचा फोन आला नाही. आठ दिवसांनी त्यांचा नातू दारात, हातात खाकी पाकीट. काकांनी त्याच्याकडून अख्खी वेबसाइट छापून घेतली होती, अकरा पानं, एका बाजूला, आणि डाव्या कोपऱ्यात टाचणी. समासात लाल खुणा. वर यादीत यंत्राने होम पेजसाठी 'मुख्यपृष्ठ' लिहिलं होतं, तिथे गोल करून 'मुखपृष्ठ?' आणि मग तेही खोडून, पुढे 'असू द्यावे'. 'निगराणी' एका ठिकाणी राहून गेलं होतं, त्याला आडवी काट. संग्रहाच्या वर्षाशी प्रश्नचिन्ह. वहीत बघितलं, त्यांचं बरोबर होतं, पुस्तक निघालं २००४ला. कवितेच्या पानावर एकही खूण नाही.

शेवटच्या पानावर, खाली मधोमध, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'पृष्ठांक राहिले.'